प्रेशरची मशीन आणि सर्विसचा माणूस

वॉशिंग सेंटर काढलं तेव्हा मला वाटलं होतं, यात गाड्या धुवायच्या असतात. गाड्या धुणं राहिलं बाजूला, किस्सेच इतके साचले की आमच्या देवरीत कोणाकडे पाहुणा आला आणि गप्पा अडल्या, की मला बोलावणं येतं. लोक पोट धरून हसतात. मला अजून हसू येत नाही, पण चहा बरा मिळतो म्हणून सांगतो.

सेंटर हायवेला लागून, माझ्या घराशेजारच्या प्लॉटवर आहे. मी आणि माझा साळा मोरेश्वर, दोघांची भागीदारी. म्हणजे जागा माझी, बोअर माझा, वीजबिल माझं आणि सल्ले त्याचे.

*

जोराने पाणी मारणारी पहिली प्रेशरची मशीन घ्यायला आम्ही गोंदियाला गेलो. डीलर सेठ मोठा गोड माणूस. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, मशीन चालू करून दाखवली. भिंतीवरचा जुना रंगसुद्धा निघून आला! भाव ऐकल्यावर मात्र माझाच रंग उतरला.

सेठ म्हणाला, "भैया, मशीन तो कहीं भी मिल जाएगी. हम सर्विस बेचते हैं."

मी विचारात पडलो होतो, तेवढ्यात मोरेश्वरने खिशातून मोबाइल काढला आणि सेठच्या नाकासमोर धरला. तशीच दिसणारी मशीन, निम्म्या भावात, घरपोच. "हे पाहा जी. मंग आमी तुमच्याकडून कायले घ्याची?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. सेठ जराही चिडला नाही. कप पुढे सरकवत म्हणाला, "पहले चाय पी लो. मोबाइल से चाय नहीं आती."

चहा प्यालो आणि घरी येऊन मोबाइलवरूनच मशीन मागवली.

*

खोकं आलं तेव्हाच मला शंका आली. मोरेश्वरने ते एका हाताने उचलून आणलं होतं.

मशीन चालायची, पण सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की थोडा वेळ चालवून तिला आराम द्यावा. घरची स्कूटर धुणाऱ्या माणसाला हे ठीक आहे हो. आमच्याकडे रायपूरहून आलेला ट्रक उभा! एक बाजू धुतली की मशीन तापायची, मग आम्ही तिला सावलीत ठेवून तिच्यावर पंखा लावायचो. ट्रकवाला समोर उन्हात बसलेला.

बराच वेळ त्याने हे सगळं पाहिलं. मग उठला, अर्धा धुतलेला ट्रक चालू केला आणि खिडकीतून म्हणाला, "रात भर गाड़ी मैंने चलाई, और पंखे की हवा मशीन खा रही है."

अर्धे पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही.

*

पुढे एक दिवस मशीन आरामातून उठलीच नाही. बटण दाबलं तरी आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. हे दाबा, ते दाबा करत करत अखेर एक बाई बोलल्या. फार नम्र. त्यांनी पिनकोड घेतला आणि सांगितलं की आमच्या भागात त्यांचा माणूस नाही, तरी मी बिघाडाचा व्हिडिओ पाठवावा, तज्ज्ञ पाहतील.

मोरेश्वरने व्हिडिओ काढला. त्यात मी मशीनचं बटण दाबतोय, पुन्हा दाबतोय आणि कॅमेऱ्याकडे हताशपणे पाहतोय. मशीन ढिम्म. असा मस्त व्हिडिओ आम्ही पाठवला आणि वाट पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आपल्या व्हिडिओमध्ये आवाज नाही. कृपया आवाजासह पुन्हा पाठवा."

तो मोबाइल मी फेकणारच होतो, पण तो मोरेश्वरचा होता. आता वाटतं, फेकायला हवा होता.

*

मोरेश्वरने स्वतः मशीन उघडली. कुठलंसं भंगार जोडून त्याने ती चालूही केली, आणि चालू झाली म्हणून आम्ही भीमजयंतीसाठी वस्तीतल्या सगळ्यांना गाड्या धुऊन द्यायचं कबूल करून बसलो. आमच्या वस्तीत रॅलीला निघणारी प्रत्येक गाडी चकचकीत लागते. आदल्या दिवशी मोटारसायकलींची रांग बाहेर हायवेवर दूरपर्यंत. आणि तिसऱ्याच गाडीला मशीनमधून धूर निघाला.

माझं डोकं बंद पडलं. मोरेश्वरचं सुरू झालं. घरातल्या बादल्या, तांबे, जुने टॉवेल त्याने बाहेर काढले आणि ज्याने त्याने आपापली गाडी धुवावी, असं जाहीर करून टाकलं. लोक बिचारे धुऊ लागले.

विहाराचे अध्यक्ष दौलतकाका वयस्क माणूस, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून आपली स्कूटर घासत होते. घासता घासता मला म्हणाले, "पानी तुमचं, हात आमचे. मंग बाबू, तुमी करून काय राहिले?"

मी शरमेने त्यांच्या स्कूटरवर पाणी ओतत राहिलो.

*

शेवटी नाक मुठीत धरून सेठकडे गेलो आणि पूर्ण भावाची मशीन घेतली. सेठने टोमणा मारला नाही, चहा मात्र मुद्दाम दोनदा विचारला. त्याचा मेकॅनिक गोंदियाहून सोबत आला, मशीन बसवून गेला. काय धार, काय जोर! त्याच दिवशी मी मोरेश्वरला बजावलं, "या मशीनला हात लावायचा नाही. कंपनीचा माणूस सोडून कोणीही नाही."

त्याने मशीनला हात लावला नाही. पाइपला लावला. बोअरचं पाणी वाचवावं म्हणून त्याने पाइप मागच्या बोडीत सोडला. आमच्याकडे धानासाठी पावसाचं पाणी साठवतात ते छोटं तळं, ते. पाइपच्या तोंडाला जाळी नाही. दोन दिवसांत प्रेशर गेलं.

मेकॅनिक एवढ्या लांबून पुन्हा आला. त्याने फिल्टर उघडून ताटात उपडा केला, तर आत झिंगे, बारीक कोळंबी! काही तर जिवंत. ताट माझ्यापुढे सरकवून तो म्हणाला, "भैया, वारंटी में मच्छी नहीं आती."

मी मोरेश्वरला शोधेपर्यंत ते ताट स्वयंपाकघरात पोचलं होतं. बायकोने कढई ठेवत शांतपणे सांगितलं, "माझ्या भावाले बोलू नोका. या धंद्यानं घरात पहिल्यांदाच काहीतरी आनलं."

*

आता शेवटचा किस्सा.

त्यानंतर मोरेश्वर फारसा सेंटरवर दिसेना. कधी आमगाव, कधी गोंदिया. विचारलं तर म्हणायचा, "काम आहे." बायको म्हणाली, मुलगी पाहत असेल. मी म्हटलं, बघू दे, तेवढीच मशीन सुखात राहील.

धानकापणीचा हंगाम आला. पंजाबचे हार्वेस्टर इथलं काम संपवून छत्तीसगडकडे निघतात, त्याआधी चिखल आणि भुसा काढायला गाड्या धुऊन घेतात. आमचं वर्ष त्या थोड्या दिवसांवर उभं असतं. त्यात यंदा पुढे सीमेजवळ नवीन सेंटर निघालेलं. हे गिऱ्हाईक तिकडे वळलं असतं तर मला शटर ओढावं लागलं असतं. खरंच सांगतो, त्या दिवसांत मला जेवण जात नव्हतं.

पहिला हार्वेस्टर आला. चालक म्हणाला, "पीछे पूरी गैंग आ रही है. ये बढ़िया धुल गई तो सब यहीं रुकेंगे."

अर्धा हार्वेस्टर धुतला आणि प्रेशर बसलं. नळीतून नुसती धार गळू लागली. चालक घड्याळ पाहायला लागला. मोरेश्वर नेमका त्या दिवशी हजर, खाटेवर आडवा.

"पाहत काय राहिलास? उठ ना!" मी ओरडलो.

"मी काऊन उठू? तुमीच सांगतलं, कंपनीचा मानूस सोडून कोनी हात नाही लावाचा."

मी दात खाऊन सेठला फोन लावला. सेठ म्हणाला, "टेंशन मत लो. पुराना मैकेनिक तो गया, लेकिन अब देवरी में ही अपना आदमी है. अभी भेजता हूँ."

माझ्या जिवात जीव आला. मी चालकाला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, मोरेश्वरला नीट ऐकू जावं म्हणून, "देखिए, इसको कहते हैं डीलर का सपोर्ट. दो पैसे ज़्यादा गए, लेकिन आदमी हाज़िर."

तेवढ्यात मोरेश्वरचा फोन वाजला.

"हो सेठ. हो जी, देवरीतच आहो. कोनती पार्टी?" त्याने ऐकून घेतलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओळखतो जी. थोडे चिडके आहेत, पन पाहून घेतो."

तो उठला. शर्टाची बटणं लावली. खाटेखालून एक बॅग ओढली, सेठच्या दुकानाचं नाव छापलेली. मशीनपाशी आला आणि बॅग खाली ठेवून माझ्यासमोर उभा राहिला.

"भाऊजी, व्हिजिटिंग चार्ज येगळा लागते. सेठनं सांगतलं ना तुमाले?"