राखेनं घासलेल्या बाटल्या

माझं माहेर दुष्काळी मुरुडचं. तिथं उन्हाळ्यात एका तांब्यात घरभराची भांडी विसळायची सवय लागली, ती हाडात मुरली. सासर अर्धापूरला, केळीच्या बागेत, पाणी मुबलक. तरी माझा हात आखडता तो आखडताच. वर त्याचा तोरा मिरवायची, हेही खरं.

लेक नांदेडला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिचा विषय क्राउन ईथर. मला कळावं म्हणून एकदा म्हणाली, "आई, हा रेणू म्हणजे चुंबळ समज. घागर तिच्यावर नीट बसते, तांब्या मधून निसटतो. तसं ह्या कड्यात पोटॅशियम नेमकं बसतं, सोडियम लहान पडतं." कड्याला यजमान म्हणतात आणि आत बसणाऱ्याला पाहुणा, हे ऐकून मला गंमत वाटली होती.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी ती घरी आली. परीक्षकांसमोर प्रयोग करून दाखवायचा होता, म्हणून त्याच्या रिकाम्या बाटल्या सोबतच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मला त्या बाटल्या कळकट वाटल्या. बाहेरगावचे मोठे साहेब येणार आणि त्यांच्यापुढं हे मांडायचं? कापसाच्या पऱ्हाटीच्या राखेनं मी त्या आतून-बाहेरून घासल्या, सगळ्या एकाच पाण्यात विसळल्या, पदरानं पुसून होत्या तशा पिशवीत ठेवल्या. तिला बोलले नाही. तिच्या पदवीला आपलाही हात लागला, या विचारानं नांदेडला पोचेपर्यंत मी खुशीत होते.

सभागृहात मी शेवटच्या ओळीत बसले. लेकीनं दोन बाटल्या पुढं मांडल्या. खाली स्वच्छ क्लोरोफॉर्म, वर पिवळं पाणी. एकीत पोटॅशियमचा क्षार, दुसरीत सोडियमचा. तिचा रेणू टाकून हलवलं की पोटॅशियमच्या बाटलीत पोटॅशियमबरोबर पिवळा रंगही खाली उतरणार आणि सोडियमच्या बाटलीतला खालचा थर स्वच्छच राहणार. तिचा सगळा प्रबंध याच्यावर उभा होता.

दोन्ही बाटल्यांतले खालचे थर पिवळे झाले.

ती पांढरीफटक पडली. सोडियमची बाटली तिनं उजेडात धरली. बुडाशी करडी रेघ होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"बाटल्या कुणी धुतल्या?" परीक्षकांनी विचारलं.

"मीच सर. प्रयोगशाळेत."

मला वाटलं, पोरगी मला पाठीशी घालतेय आणि स्वतः बुडतेय. मी उठले. "न्हाई साहेब. बाटल्या म्या घासल्या. राखंनं."

सभागृह हसलं. कानशिलं तापली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी बसले नाही.

"कशाची राख, ताई?"

"पऱ्हाटीची."

परीक्षक स्वतःशीच हसले. "राखेत पोटॅशियम भरपूर असतं," ते लेकीला म्हणाले. "तुमच्या रेणूनं पाहुणा बरोबर ओळखला. आता नव्या बाटलीत करा." नव्या बाटलीत खालचा थर स्वच्छ राहिला. पदवी जाहीर झाली, टाळ्या वाजल्या, आणि मी डोळे पुसत तिच्याकडं निघाले.

तिनं मला हाताला धरून बाहेर नेलं.

"तुला कुणी उठायला सांगितलं होतं?"

"अगं, माझ्यापायी तू खोटं बोललीस. मला ते बघवंना."

"तुझ्यासाठी न्हाई बोलले. आपल्या घरी अजून राखंनं भांडी घासतेत, हे ह्या लोकांला कशाला कळायला पाहिजे होतं?"

तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. तो यावा कुठून? दारात पाहुणे दिसले की राखेचा डबा मोरीमागं सरकवून साबणाची वडी पुढं ठेवायला, ती एवढीशी होती तेव्हापासून मीच तिला पिटाळत आले होते.