सिरक्यात बुडवलेली परवानगी

जेद्दाच्या आमच्या कामगार कॅम्पमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवरच्या चाचांइतका टपालाचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या सौदीत नसेल. रायगडच्या किनाऱ्यावरचे, एसीचे कारागीर. पण घरी पत्र लिहायचं तर एकाच मजकुराच्या तीन प्रती. एक पोस्टाने, दोन गावी निघालेल्या दोन वेगळ्या माणसांबरोबर. "चाचा, खिशात मोबाइल आहे की!" म्हटलं, तर म्हणायचे, "फोन ठेवला की खलास. कागद राहतो."

कारण ऐकून मी उडालोच. त्यांचे परदादा आगबोटींच्या जमान्यात टपालाच्या बोटीवर खलाशी. बोटीवर पटकी आली आणि इथल्याच समुद्रात बोट क्वारंटाइनमध्ये अडकली, टपालाच्या थैल्यांसकट. प्रत्येक पत्राला चिरा पाडायच्या, धुरी द्यायची, सिरका म्हणजे व्हिनेगर लावायचा, मग दुसऱ्या बोटीची वाट बघायची. 'मी जिवंत आहे' हे परदादांचं पत्र घरी पोचलं तेव्हा त्यांच्या बायकोचा दुसरा निकाह होऊन गेला होता! अहो, माझ्या हातातला चहा सांडला. आणि चाचा शांतपणे म्हणतात, "पण धुरी दिली म्हणून गावात पटकी नाही गेली हां."

अशा माणसाला लेकीच्या निकाहाच्या तोंडावर कांजिण्या झाल्या. त्यांना वेगळ्या खोलीत कोंडलं, रजा बोंबलली. बापाऐवजी चुलत्याने वली, म्हणजे मुलीचा पालक, म्हणून उभं राहायचं, पण गावच्या काझींना बापाची लेखी परवानगी हवी. नाहीतर निकाह पुढे. मी गावी निघालोच होतो, आणि मला कांजिण्या लहानपणीच होऊन गेलेल्या. चाचांनी खिडकीतून परवानगीच्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही पाकिटं माझ्याच हातात कोंबली.

लग्नघरात ती फोडली आणि बघतो तर काय! चाचांनी कागदांना चिरा पाडून, लोबानची धुरी देऊन, ते चक्क सिरक्यात बुचकळले होते! शाईपेनाने लिहिलेला मजकूर पार वाहून गेलेला. बॉलपेनची सही तेवढी शाबूत, बाकी निळे डाग आणि लोणच्याचा वास. बाहेर काझी विचारतायत, "काय लिहिलंय?" मी घाबरून पडद्याआडच्या चाचांच्या लेकीला हळूच त्या दोन ओळी सांगितल्या.

तिने कागद घेतला आणि पडद्याआडून खणखणीत वाचला, "माझा भाऊ वली म्हणून उभा राहील. मी राजी आहे." मी हुश्श केलं, तर ही थांबेचना. "आणि बेटी, तुझ्या एकाही ईदला मी घरी नव्हतो. माफ कर." मी गारच पडलो. ही ओळ पत्रात नव्हतीच.

जेद्दाला परतल्यावर चाचांनी विचारलं, "वाचता आलं ना रे?" मी लेकीने वाचलेल्या तिन्ही ओळी सांगितल्या.

"ती तिसरी ओळ लिहायला घेतली होती," ते म्हणाले. "धीर नाही झाला."