चाचांचा पाय

"थांबा की डॉक्टर, अंगठा वळलाय!" असं म्हणत चाचा पायडलवरचा पाय उचलत आणि डॉक्टरांच्या हातातलं दात कोरायचं यंत्र गप्प होई.

शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायची. दात कोरायचं मशीन तेव्हा शिलाईच्या मशीनसारखं पायानं चालायचं, आणि तो पाय दवाखान्यातले मदतनीस चाचांचा. तोंडात डॉक्टरांचे हात असताना पेशंट बोलणार कसा? पण चपला दाराशी काढून आलेल्या माणसाची पावलं उघडी असतात. चाचा ती बघत बसत. तुम्हीही कधी बघा. माणूस 'दुखत नाही' म्हणतो आणि अंगठा आत वळलेला असतो.

पेठ वडगावचा एक गुळाचा व्यापारी मिशा पिळत खुर्चीत बसला. म्हणाला, "आमास्नी काय बी होत न्हाय." चाचांनी तीनदा पाय उचलला. चूळ भरता भरता तो चिडला, "अवो, पायाकडं काय बघतायसा?"

"पावणं, त्योच खरं बोलतोय न्हवं," चाचा म्हणाले. व्यापारी हसला आणि मग मोकळेपणानं कण्हला.

पुढं मशीनला विजेची मोटार आली. डॉक्टरांना तिचं कोण कौतुक! दाताच्या मुळातली कुजलेली नस काढायची सुई केसासारखी बारीक. ती ते आजवर बोटांनी जपून फिरवायचे. आता तीही मोटारीला लावू लागले. चाचांच्या हातात फरशीचं फडकं आलं. पण पुसता पुसता डोळा पावलांवरच. "थांबा की डॉक्टर." डॉक्टर मान न वळवता म्हणत, "चाचा, ते काम आता तुमचं नाही." हे लिहितानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

एकदा गडहिंग्लजच्या शाळेतल्या एक बाई खुर्चीत होत्या. चाचा "थांबा, थांबा" म्हणत राहिले. डॉक्टर थांबले नाहीत. सुई मोडली आणि तिचं टोक मुळातच राहिलं. उरलेला तुकडा डॉक्टरांनी ट्रेमध्ये टाकला, वर सिमेंट भरलं आणि म्हणाले, "छान झालं काम." चाचांनी पाहिलं. मीही पाहिलं.

बाई दाराशी वहाणा शोधत होत्या. चाचांनी त्यांना गाठून सांगितलं, "बाई, सुई मोडून आत ऱ्हायलीया. दुसऱ्या डॉक्टरास्नी दावा."

बाई तशाच अनवाणी परत आत आल्या. डॉक्टर लालबुंद झाले. "मोटार आल्यापासून याचं डोकं फिरलंय. खोटं वाटत असेल तर हिला विचारा, ही इथंच होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या पगारावर घर चालत होतं. हे कारण मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याचीच चीड येते. मी मान खाली घालून केसपेपर लिहू लागले.

चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी खाली पाहिलं, माझ्या पावलांकडे.

"ऱ्हाऊ द्या डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "पोरीला नगा इचारू. अंगठा वळलाय."

फडकं खुर्चीच्या दांडीवर वाळत टाकलं आणि ते गेले, ते कायमचेच. बाईही गेल्या, डॉक्टरांवर विश्वास ठेवून, दातात सुई घेऊन.

डॉक्टरांचा मला राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त. पण सगळ्यांत जास्त येतो तो चाचांचा. त्या दिवशी तरी त्यांनी माझ्यासाठी पाय उचलायला नको होता.