धुक्यातला प्रेक्षक

आखातातल्या अल कुसैसच्या मैदानावर कॉलेज फुटबॉलची फायनल बरोबरीत सुटली आणि पेनल्टी सुरू झाल्या. सकाळच्या धुक्यात खेळाडू तरंगल्यासारखे दिसत होते. माझ्या शेजारी रत्नागिरीकडचे एक गृहस्थ खांबाआड उभे होते.

"गोलकीपर माझा मुलगा. मी दिसलो की बिचकतो. ड्यूटी आहे सांगून आलोय."

शेवटची पेनल्टी मुलाने अडवली. सगळे ओरडत मैदानात धावले. गृहस्थ डोळे पुसून गेटकडे वळले.

"अहो, भेटा तरी त्याला!"

"नको, साहेब. तो सांगेल ना, तेव्हा ऐकायचंय."

थोडं पुढे त्यांचा फोन वाजला. मागचा गलबला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी हाताचा आडोसा केला.

"काय सांगतोस! जिंकलात?"