वीस मिनिटं सावलीत

दुकानात आल्या की बाई आधी उजव्या हाताची दोन बोटं जोडून वर धरायच्या आणि मग बोलायच्या, "एवढं. चिमूटभर नाही." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, दोन ट्यूबा मागतायत. मला माहीत होतं, त्या मला शिकवतायत. औषधांचं दुकान माझं, पण शिकवणार त्या.

इंदिरानगरात तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या दुकानामागे शाळेचं मैदान होतं आणि बाई त्या शाळेत खो-खो शिकवायच्या. पांढरे बूट, कमरेला खोचलेला पदर, गळ्यात शिट्टी. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील. पण तोंडाला, कानाला आणि मानेला सनस्क्रीन फासून मैदानात उतरणारी खो-खोची बाई काही तुम्ही पाहिली नसेल. आता ती ट्यूब घरोघरी दिसते. तेव्हा माझ्याकडे ती मागच्या फळीवर धूळ खात पडलेली असायची.

ती खपावी म्हणून मी सांगायचो, लावा, रंग उजळतो. एकदा बाईंनी ते ऐकलं आणि भर गिऱ्हाइकात माझी हजेरी घेतली. "भाऊ, ह्यानं गोरं होत नाही. भाजत नाही, एवढंच. खोटं सांगून विकू नका." गिऱ्हाईक निघून गेलं. मी वर बघत पंख्याला काय झालंय ते पाहिल्यासारखं केलं.

त्यांना ह्या ट्यूबचं एवढं वेड का, ते सांगतो. बाईंच्या संघातल्या मुली मैदान सोडून जायच्या. पाय मोडला म्हणून नाही, हरल्या म्हणूनही नाही. काळ्या पडतात म्हणून. आठवी-नववी आली की आई यायची आणि हाताला धरून घेऊन जायची. बाईंना स्वतःलाही सोळाव्या वर्षी असंच काढलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हसत. "पळायला लागले की मी कुणाला सापडायची नाही भाऊ. घरच्यांना तेवढी सापडले."

म्हणून सुट्टीतल्या शिबिरात, सकाळी आठचं ऊन अंगावर यायच्या आत, सगळ्या पोरींना त्या करंजाच्या झाडाखाली बसवायच्या. दोन बोटांच्या पूर्ण लांबीभर मलम काढायचं, ते चेहऱ्यावर आणि मानेवर संपवायचं. कान विसरायचे नाहीत. आणि मानेची मागची बाजू तर मुळीच नाही, कारण खो-खोत ओळीने बसणाऱ्या एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. उन्हाला एकीचं नाक मिळतं, दुसरीची मान. लावून झालं की वीस मिनिटं सावलीत. दोन तासांनी घाम टिपून पुन्हा. आभाळ आलं की पोरी कंटाळा करायच्या, तेव्हा बाई विचारायच्या, "ढग आले म्हणून सूर्य रजेवर गेला का?"

ती वीस मिनिटं मला अजून दिसतात. मी ट्यूबा पोचवायला जायचो आणि तिथेच रेंगाळायचो, दुकान गेलं खड्ड्यात. पोरी डोळे मिटून बसलेल्या. बाई हळू आवाजात सांगत असायच्या, आता तू उठलीस, आता वळलीस, आता पाठीवर हात आणि खो. कुणी हलत नसे. बंद पापण्यांखाली पोरी पळत असायच्या. करंजाची बारीक फुलं त्यांच्या केसांत पडायची. पांढुरक्या चेहऱ्यांची ती रांग बघता बघता मलाही झोप यायची, आणि झोपेत कुणीतरी अलगद पाठीवर हात ठेवतंय असं वाटायचं. किती सुख होतं त्यात.

पाथर्डीकडच्या मळ्यातली सुरेखा याच शिबिरात आली. घरचे झेंडू आणि मेथी पिकवायचे. बाईंनी सांगितलं होतं, उद्या दोन बोटं लावून या. दुसऱ्या दिवशी पोरगी आली ती दोन्ही गालांवर दोन-दोन पांढऱ्या रेघा ओढून. दोन बोटं बुडवून जशी लावायची तशी लावली होती बिचारीने. बाई शिट्टी तोंडात धरूनच हसल्या, मग स्वतःच्या हाताने त्या रेघा तिच्या तोंडभर पसरल्या.

ही सुरेखा पळायला लागली की मी गल्ला उघडा टाकून मैदानाच्या कुंपणाशी जायचो. दोन वर्षांत ती इतकी तयार झाली की जिल्ह्याच्या संघात निवडली जाणार हे मलासुद्धा कळत होतं. आणि निवड व्हायची त्याच महिन्यात तिची आई आली.

मी तिथेच होतो, ट्यूबा घेऊन. आईने सांगितलं, एक स्थळ येऊन गेलं, पोरगी उन्हानं काळवंडली म्हणाले. तिचे वडील म्हणतात खेळ बंद. सुरेखा झाडाखाली डोळे मिटून बसली होती, पण कान आमच्याकडेच होते, हे तिच्या मानेवरून कळत होतं. मग आईने ट्यूबकडे बोट केलं.

"बाई, ह्यानं पोरगी गोरी व्हईल का?"

बाईंनी सुरेखाकडे पाहिलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"होईल," त्या म्हणाल्या.

आई परत गेली. सुरेखा राहिली. जिल्ह्याकडून खेळली, पुढे राज्याकडूनही. रंग होता तसाच राहिला.

संध्याकाळी बाई दुकानात आल्या. बोटं वर धरली नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला बोलले होते ना भाऊ मी. आज त्या बाईला फसवलं." मी काहीबाही समजूत काढली. त्यांना ती पटली नाही. पुढे सामन्यांना सुरेखाची आई यायची तेव्हा बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. ती बाजारात दिसली तर रस्ता ओलांडायच्या. निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाही त्यांनी मला विचारलं, "तिनं कधी काही विचारलं का हो?" मी नाही म्हटलं. त्यानंतर दोनच वर्षांनी बाई गेल्या.

त्या गेल्या त्याच्या चार महिन्यांनी सुरेखाची आई माझ्या दुकानात आली, पेढे घेऊन. पोरगी पोलिसात लागली होती, खेळाच्या जोरावर. आईला बाईंचा पत्ता हवा होता. बाई गेल्या, मी सांगितलं. ती बाकावर बसली. मी पाणी दिलं आणि का कोण जाणे, सगळं बोलून टाकलं. बाई त्या दिवशी खोटं बोलल्या, ते त्यांना शेवटपर्यंत सलत होतं, म्हणून तुम्हाला टाळायच्या.

तिने पेला खाली ठेवला.

"मला ठावं नव्हतं व्हय भाऊ? जलम मळ्यात गेला माझा. आसा रंग उतरत नाय, ते मला कळत नाय? तिच्या बापाला सांगाया एक शबूद पायजे व्हता. बाईंनी दिला." पदराने डोळे पुसत ती पुढे म्हणाली, "माझ्यापायी त्यांना खोटं बोलावं लागलं, ह्याची लय लाज वाटायची मला. म्हणून मीच कवा समोर गेले नाय."

मला ते मैदान दिसत होतं. मध्ये सुरेखा पळतेय, आणि दोन टोकांना दोन बायका, एकमेकींकडे न बघता, तिच्यासाठी टाळ्या वाजवतायत.