शिवमूर्ती सरांचं स्वतःचं इंजिन
शिवमूर्ती सर लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तिथल्याच संगणकाच्या खोलीत गेम इंजिन बांधायचे. गेम इंजिन म्हणजे संगणकावरच्या खेळाचा आतला सांगाडा. वस्तू कशी पडेल, कुठं आदळेल, सगळं तोच ठरवतो. असे सांगाडे तयार मिळतात, फुकटही मिळतात. पण सर किल्लारीचे. आठ वर्षांचे असताना भूकंपात घर गेलेलं. ज्याचा पाया आपण खोदला नाही, त्यावर त्यांचा जीव बसत नसे. वर्गातही सूत्र आधी सिद्ध करायचं, मगच वापरायचं.

चार वर्षांत त्यांच्या इंजिनात एक जीप तयार झाली. खेळ काही झाला नाही.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" बायको राजश्री विचारायची. ती माहूरकडची, त्याच क्लासमध्ये बायोलॉजीला.

"सावलीचं काम चाललंय."

"आधी जीप चालू द्या. सावली येईल मागून."

गॅदरिंगच्या आठ दिवस आधी क्लासचे मालक बापूसाहेब म्हणाले, "सर, तुमची संगणकाची खोली टेस्ट सिरीजला लागते. गॅदरिंगमध्ये पालकांना दाखवण्यासारखं काही निघालं तर ठेवू. न्हाई तर सोमवारी बाकडी टाकतो."

त्या खोलीशिवाय त्यांना दुसरं विश्वच नव्हतं.

राजश्रीनं गुपचूप तयार इंजिन उतरवून घेतलं आणि सहा दिवसांत किल्लारी ते लातूर जीपचा खेळ उभा केला. मागं लोंबकळणाऱ्या प्रवाशांसकट.

तिनं तो दाखवला तेव्हा सर म्हणाले, "याच्या आत काय हाय, ठाऊक तरी हाय का तुला?"

"न्हाई. तुम्हाला तरी पचन कुठं ठाऊक हाय? चार भाकरी खाताच ना?"

तरीही सरांनी स्टेजवर आपलीच जीप लावली. बटण दाबलं. चाकं झकास फिरली, सावलीही पडली. जीप मात्र जागची हलेना.

"सर, घर्षण दुर्लक्षित केलंय का?" तिसऱ्या रांगेतून एक पोरगी ओरडली, आणि सगळा मांडव हसला.

झालं होतं तेच. वर्षानुवर्षं 'पृष्ठभाग गुळगुळीत आहे असे समजा' असं सांगून सांगून सरांच्या हातानं इंजिनातही गुळगुळीतच रस्ता लिहिला होता.

बापूसाहेबांनी घड्याळ बघितलं. सर स्टेजच्या कडेला आले. "राजश्री, तुझी ती..."

तिनं पर्समधून पेनड्राइव्ह आधीच काढला होता.

तिची जीप सुसाट निघाली. "औसा आलं, उतरा!" एक आजोबा खुर्चीतून उठून ओरडले.

खोली वाचली. बापूसाहेबांनी किल्ली मात्र राजश्रीच्या हातात दिली.

सोमवारी सर दारात उभे. "मॅडम, कोपऱ्यातला संगणक रिकामा हाय का?"

"हाय की. पण दहापर्यंतच. नंतर माझी बॅच हाय. आणि चपला बाहेर काढा."