मंगलताईंचे पाच डबे

मंगलताई गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने, स्वातीने केला, तेव्हा मी बाजारात भेंडी निवडत होते. "मम्मी गेल्या..." एवढंच ती बोलली. मी भेंडी तिथेच टाकली आणि तशीच रिक्षाने नवघरला त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीतले चारही कॉम्प्युटर चादरीखाली होते. भरदिवसा ते बंद असलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

त्या खोलीत ताई वेबसाइट बनवायला शिकवायच्या. टायपिस्ट म्हणून रिटायर झाल्यावर हे सगळं स्वतः शिकून त्यांनी क्लास काढला. साठीतल्या बाईची काय ही हिंमत! मी दहा वर्षं घर आणि मुलं सांभाळून तिथे पोचलेली. घरचे म्हणायचे, "टाइमपास चाललाय हिचा." त्यात ताईंनीच शब्द टाकून मला पहिलं काम मिळवून दिलं, स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्याची वेबसाइट. ती तयार झाली, त्या दिवशी कारखान्याचे शेठ चार वाजता क्लासवरच बघायला येणार होते. पसंत पडली तर पुढची कामं, नाहीतर मी कायमची पोळपाटाशी.

आणि ऐन दुपारी मेनूने घात केला. 'डबे'वर माउस नेला की फक्त त्याच्या खालची यादी उघडायला हवी होती. मेनू चालवायला मी लिहिलेल्या स्क्रिप्टने यादीतली यादी, तिच्याही आतली यादी, सगळं एकदम उघडून पान भरून टाकलं. मी रडकुंडीला आले. ताईंनी चष्मा पुसला, नीट पाहिलं आणि अख्ख्या बॅचसमोर म्हणाल्या, "मलाही नाही येत गं हे."

माझं डोकंच फिरलं. "मग आम्ही शिकायचं कोणाकडून?" मी बोलून गेले. ताई उठल्या आणि स्वयंपाकघरातून एकात एक बसणारे पाच डबे घेऊन आल्या.

"झाकण काढ. काय दिसतंय?"

"दुसरा डबा."

"तिसरा दिसतोय का? मग तूच का एका दमात सगळ्यांची झाकणं उडवतेयस? चल, पुस्तक काढ. दोघी शोधू."

सापडलं. मी स्क्रिप्टला सांगत होते, आतलं सगळं शोध. सांगायचं होतं, फक्त लगेच आतलं उचल. एक शब्द बदलला आणि मेनू शहाण्या बाळासारखा उघडला. शेठ खूश झाले. ताईंची माफी मागायची मात्र राहिली, ती राहिलीच. त्या सगळ्यांसमोर 'मला येत नाही' म्हणू शकल्या, मला 'माझं चुकलं' एवढंही जमलं नाही.

आता स्वातीच्या आग्रहावरून तो क्लास मी घेतेय. परवा काशीगावहून येणाऱ्या एका मुलीने असं काही विचारलं, की मला ओ की ठो कळेना. सगळी बॅच माझ्याकडे बघतेय. 'ते पुढच्या आठवड्यात घेऊ,' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"मलाही नाही येत गं हे. थांब, दोघी शोधू," म्हणत मी डबे आणायला आत वळले, तर माझं बोलणं ऐकून स्वाती ताईंचे तेच पाच डबे घेऊन दारात उभी होती.